नाक्यावर राहिलेली लुगडी
निजामाच्या राजवटीत, एका वैशाखात, आम्हा पाच बायकांना पैनगंगेपलीकडच्या जकात नाक्यावर दुपारभर बसवून ठेवलं. आदिलाबादच्या अनाथाश्रमातल्या मुलींसाठी आम्ही वऱ्हाडातून कोरी लुगडी नेत होतो. संस्थानात नव्या कापडावर जकात होती, अंगावरचं माफ होतं. म्हणून प्रत्येकीने एकावर एक तीन लुगडी नेसली होती. "दमा बाई, चहा येऊन राह्यला. घाई काऊन?" नाकेदार म्हणाला. वर पत्रा तापला होता आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास घामात मिसळला होता. "याले समजलं," आमच्यातली वडीलधारी पुटपुटली, "आता शिजवून राह्यला आपल्याले." थोड्या वेळाने तीच कोसळली. नाक्यावरच्या शिपायाच्या बायकोने तिला आत नेलं आणि वरची दोन लुगडी आणून नाकेदारापुढे ठेवली. "आता तुमी चौघी," तो म्हणाला. संध्याकाळी आश्रमाच्या दारात मुली ओळीने उभ्या होत्या. आम्ही पाचही जणी एकेका लुगड्यात गाडीतून उतरलो.