नवसाचे केस

मी मूळची कराडकडची. तोंडानं फटकळ, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून बोईसरला आले आणि बेटेगावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. नवरा शिफ्टच्या बसनं गेला की दिवसभर भिंतींशी बोलायचं. शेवटी शेजारीण म्हणाली, इथं जवळच मिशनच्या सिस्टर लोकांची अपंग मुलांची शाळा आहे, वसतिगृहात बाई पाहिजे आहे, बघ जमतंय का. सासूबाई फोनवर म्हणाल्या, जा बाई, पण गळ्यात क्रूस घालून घरी येऊ नकोस. इतकी वर्षं झाली, माझ्या गळ्यात अजून मंगळसूत्रच आहे, आणि सासूबाई मात्र दर नाताळला केक कधी पाठवतेस म्हणून विचारतात.

शाळा तशी लहान. कुठल्या कुठल्या देशांतल्या चर्चमधून मदत येते, त्यावर चालते. पाठवणारी माणसं मनानं मोठी, पण त्यांना आमचं हवामान कोण सांगणार? एकदा खोकं भरून लोकरीच्या टोप्या आल्या. बोईसरच्या उकाड्यात लोकरीच्या टोप्या! मी मोठ्या सिस्टरना म्हटलं, यांची पायपुसणी करू या. त्यांनी मला अशा नजरेनं बघितलं की मी गुपचूप खोकं माळ्यावर ठेवलं. मुलं मात्र ती काढून डोक्यात घालून हिंडायची.

माझं काम म्हणजे मुलांच्या अंघोळी, पायांना आधाराच्या पट्ट्यांचे कॅलिपर चढवणं, पालघरहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलेले व्यायाम करून घेणं आणि मुलींचे केस विंचरणं. केसांचं काम माझं सगळ्यांत लाडकं. त्यातही एका मुलीच्या वेणीवर माझा जीव होता. जव्हारच्या बाजूच्या डोंगरातली पोर, जन्मापासून दोन्ही पायांत ताकद नाही. आईबाप पावसात भाताचा तुकडा करायचे आणि भात झोडून झालं की वीटभट्टीवर जायचे. भट्टीवर हिला सकाळी गवताच्या झापाच्या सावलीत बसवायचे, ती संध्याकाळपर्यंत तिथंच. माश्या वारत बसायची म्हणे.

आईनं तिला पहिल्यांदा कडेवर घेऊन आणलं तेव्हा फी विचारली नाही, जेवण विचारलं नाही. तिनं मुलीची वेणी हातात धरली, टोकाला लाल दोरा बांधला होता, आणि मला म्हणाली, "हिच्या केसाला कातर लावायची नाय. ही चालली की देवीला द्यायचं हायत." मी म्हटलं, माझ्या हातात आहे तोवर नाही लागणार. मोठ्या सिस्टरनीही मान डोलावली. आमच्याकडे बाकी सगळ्या मुलींचे केस आखूड, एकटी हीच वेणीवाली. बाकीच्या पोरी जळायच्या तिच्यावर. आणि ही बया वेणी पुढं घेऊन बसायची, अगदी पाटलीणबाईसारखी.

दोन वर्षं आम्ही तिच्या पायांच्या मागं लागलो होतो. ती रडायची, मला शिव्या द्यायची, तिच्या बोलीतल्या, त्यामुळे मला निम्म्या कळायच्या नाहीत. मीही माझ्या कराडी शिव्या परत करायची. आणि गेल्या पावसाळ्यात कॅलिपर घालून, भिंतीलगतचा दांडा धरून, ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मोठ्या सिस्टरनी छातीवर क्रूसाची खूण केली, मी कानशिलावर बोटं मोडून पोरीची दृष्ट काढली. ज्याचा त्याचा देव, काम एकच. केस मात्र आईबाप भट्टीवरून परतल्यावर देवीच्या जत्रेला द्यायचे ठरले.

मग दिवाळीची सुट्टी झाली. मुलं घरी गेली, मी कराडला गेले. भावाच्या मुलाचं लग्न होतं, म्हणून चार दिवस जास्त राहिले. मोठ्या सिस्टरना कुठल्याशा सभेला जावं लागलं होतं. शाळेत होती ती धाकटी सिस्टर, केरळहून नुकतीच आलेली. गोड पोरगी, मराठी मोडकंतोडकं, पण कामाला वाघीण. मुलं सुट्टीवरून डोक्यात उवा घेऊन परत आली. तिनं कंबर कसली. एका दुपारी ओळीनं सगळ्यांना बसवलं आणि कात्री फिरवली. त्या वेणीवरही. केस गोळा केले आणि कचऱ्याबरोबर पेटवून दिले.

मी परत आले आणि त्या मुलीचं कातरलेलं डोकं बघितलं. धाकट्या सिस्टरला मी असं झापलं म्हणता! विचारायचं कुणाला तरी, फोन कशाला असतो, डोकं आहे का खोकं, जे तोंडाला येईल ते. ती म्हणाली, केसच ना, परत येतील. तेव्हा तिला नवस म्हणजे काय ते सांगितलं. आईनं देवीला नवस बोललाय, पोर चालली की हे केस तुझे. ते ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्याच दिवशी आईबाप आले. भट्टीला निघाले होते, त्यांचा टेम्पो बाहेर रस्त्यावर थांबला होता. पोरीचं तोंड बघून पुढं जायचं, इतकंच. पोरगी हुशार. तिनं माळ्यावरच्या खोक्यातली एक लोकरीची टोपी दुसऱ्या मुलीकडून मागून घेतली आणि कानापर्यंत ओढून बसली. घामानं निथळत होती बिचारी. आईनं विचारलं, ताप हाय काय गं, आणि टोपी काढली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता हात फिरवला त्या डोक्यावरून, एकदा, दोनदा. मग केस कुठं ठेवलेत म्हणून विचारलं. धाकटी सिस्टर पुढं आली आणि म्हणाली, मी कापले, मी जाळले. बाप इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, पोरीला नेतो आमी. देवी आता कोपणार, दिलेले पाय परत घेणार, ते इथं परक्यांच्यात व्हायला नको. आणि तो तिची पेटी शोधायला आत निघाला.

भट्टीवर गेली की संपलं. कॅलिपर मातीत पडून राहणार, पाय पुन्हा वाळणार, आणि ही पुन्हा झापाखाली माश्या वारत बसणार. मी हात जोडले, नाही नाही ते बोलले, देवीला साडी नेसवते म्हटलं. आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

तेव्हा धाकट्या सिस्टरनं एक केलं. डोक्यावरचं वस्त्र सोडलं. आम्ही कुणी तिला कधी तसं बघितलं नव्हतं. आत केस बारीक, पोरीचे कापले होते तसेच. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "माझे पण देवाला दिले. कमरेपर्यंत होते. त्या दिवशी माझी आई खूप रडली. देवाचे केस काय असतात मला माहीत आहे. हिचे देवाचे होते, हे मला माहीत नव्हतं."

आईनं तिच्या डोक्याकडे बघितलं. मग हात लावला, मुलीच्या डोक्याला लावला होता तसाच.

"मंग अजून केस बारीकच? तुजा नवस अजून फिटला नाय?" तिनं विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाली. "माझा रोज फेडायचा असतो."

बाप पेटी घेऊन बाहेर आला. रस्त्यावरून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मुकादम ओरडतोय म्हणून कुणीतरी सांगत आलं. बाप म्हणाला, चल, आता थांबायला वेळ नाय, देवीला काय सांगायचं ते मागनं बघू. आई उठली, त्याच्या हातातली पेटी घेतली आणि खाली ठेवली.

"देवी काय भट्टीचा मुकादम हाय?" ती म्हणाली. "थांबंल ती. केस येतील तवर थांबंल."

मग धाकट्या सिस्टरकडे वळून तिनं सांगितलं की ज्या हातानं कापलं त्याच हातानं वाढवायचं. रोज तेल तिनं लावायचं, वेणी तिनं घालायची, दुसऱ्या कुणी नाही. म्हणजे माझी वेणी गेली ती गेलीच. एरवी मी भांडले असते. त्या क्षणी मी नुसती मान हलवत होते आणि माझं नाक गळत होतं.

आईनं पोरीच्या डोक्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडकडा मोडली. मग वाकली आणि जमिनीवर बसलेल्या त्या सिस्टरच्या उघड्या डोक्यावरूनही हात ओवाळला, बोटं मोडली, आणि मागं न बघता टेम्पोकडे गेली. पोरगी दांडा धरून उठली आणि कुणी न सांगता व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली, आईला टेम्पोत चढताना बघायला.