सरांच्या निळ्या गाडीचा पुढचा सोफा

शनिवार, आठ फेब्रुवारी. आजचं काम: सरांच्या निळ्या गाडीचा पुढचा एकसंध लांब सोफा काढून त्या जागी आजकालच्या छोट्या गाडीतल्या दोन सुट्या बकेट सीट बसवणे. गाडी बासष्ट सालची, सर तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आणि अख्ख्या पुण्यात कुठेही वेळेवर पोहोचण्याची ज्याला अजिबात इच्छा नाही असा माणूस मी त्यांच्याखेरीज दुसरा पाहिलेला नाही.

सर मला शाळेत भूगोल शिकवायचे. डब्यानंतरचा तास असायचा. ते फळ्यावर नदी काढायला लागले की खडू थांबायचा नाही, वर्ग डुलायला लागायचा आणि कृष्णा आमच्या मिटत्या पापण्यांखालून वाहत समुद्राला मिळायची. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण दिशा काही त्यांना सोडून गेल्या नाहीत. उजवं-डावं हे शब्द त्यांच्या तोंडात येतच नाहीत. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी ‘वायव्येची दाढ ठणकते’ असं सांगितलं, तेव्हा खुर्चीचं तोंड कुठे आहे ते डॉक्टरांना आधी खिडकीतून बघावं लागलं. माझं सीट कव्हरचं आणि कुशनचं वर्कशॉप आहे, कसबा पेठेच्या तोंडाशी, वडिलांच्या वेळचं. तिथे आले की सर दारातूनच म्हणतात, ‘अगं, तुझा पंखा नैऋत्येला कुरकुरतोय.’ पंखा गोल फिरतो, हे मी त्यांना सांगत नाही. सर ते सर.

गाडी ते स्वतः पुसतात, स्वतः चालवतात आणि ओळखीचं माणूस रस्त्यात दिसलं की थांबून आत बसवतात. ओळखीची माणसं म्हणूनच निळा रंग दिसला की बोळात शिरतात. मी एकदा सापडले. शनिवार पेठेतून कसब्यात यायचं होतं, चालत दहा मिनिटं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पुढे सोफ्यावर, मी मागे. गाडी डावीकडे वळली, पुन्हा डावीकडे वळली, मग पुलावर गेली. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास, खाली मुठेचं हललं तर हललं असं पाणी, काचेतून येणारं कोमट वारं. मला मध्येच डुलकी लागली. जाग आली तेव्हा आम्ही दुसऱ्याच पुलावर होतो.

‘सर, आपण नदी ओलांडली.’

‘हो. आता परत ओलांडतोय.’

‘पण कसबा तिकडे, उजवीकडे राहिलं की!’

‘कसबा कुठे जात नाही,’ सर म्हणाले. काकू हसल्या. पाऊण तासाने मी वर्कशॉपवर उतरले. म्हातारपणी उजवीकडच्या गर्दीत गाडी घालायची भीती वाटत असेल, असं मी ठरवून टाकलं. मी गोष्टी चटकन ठरवते. धंद्यात ते बरं पडतं.

मग काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की त्या जुन्या स्प्रिंगच्या सोफ्यावर बसायचं नाही. पाठीला आणि बाजूंना घट्ट आधार देणारी सीट असेल तरच गाडी. चार महिने काकू घरात. निळी गाडी पुसली जायची, पण फाटकाबाहेर निघायची नाही. आणि एका दुपारी माझ्या दारात टेम्पो थांबला. मागच्या हौद्यात जुन्या बाजारातून आणलेल्या दोन सीट, आणि त्यातल्या एकीवर पट्टा बांधून, पश्चिमेकडे तोंड करून बसलेले सर.

‘उत्तम आधार आहे,’ ते वरूनच म्हणाले. ‘खड्डे मोजत आलो. पाठीपर्यंत एकही पोहोचला नाही. तिला आता नेता येईल.’

त्यांनी मला कागद दिला. गाडीच्या तळाचा नकाशा. प्रमाण दिलेलं, सूची दिलेली, कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. गाडी वळली की उत्तर कुठे जाईल, हेही मी विचारलं नाही. पण कागद बघताना मला जे दिसलं त्याने मी मनातून फार खूश झाले. सर चुकले होते. त्यांची सीट स्टिअरिंगसमोर बरोबर होती, पण काकूंची सीट तिला अगदी चिकटून काढली होती आणि दाराकडे वीतभर जागा उगाच रिकामी. ज्या माणसाने कोकणचा किनारा जरा आत सरकला म्हणून माझा गुण कापला होता, त्याचं मोजमाप वीतभर चुकलं होतं! दुरुस्त करून टाकायचं आणि वर काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं.

तर आज सकाळी सोफा काढला. आमचे जुने कारागीर उस्मानचाचा त्याचं रेक्झिन चाचपत म्हणाले, ‘ताई, गंमत बघा. दाराकडचं रेक्झिन कोरं करकरीत आहे. झिजलंय ते मधलंच. मध्ये कोण बसायचं?’

‘मुलं बसत असतील.’

सरांना मुलं नाहीत, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी सीटखालच्या लोखंडी अँगलला भोकं पाडत होते. काकूंची सीट दार आणि सर यांच्या बरोबर मध्ये बसवली. मजबूत, सरळ, देखणी.

संध्याकाळी सर काकूंना रिक्षाने हळूहळू घेऊन आले. काकू बसल्या, पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, काहीच दुखत नाही!’ सरांनी दोन सीटमधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘छान,’ ते म्हणाले.

पुण्यात काम खरंच आवडलं तर माणूस तीन चुका काढतो. नुसतं ‘छान’ म्हणाला तर काहीतरी बिघडलेलं असतं. मी चाचणीला म्हणून मागे बसले. सर नेहमीसारखे डावीकडे वळले. काकू फ्रेममधल्या फोटोसारख्या ताठ. पुन्हा डावीकडे. काही हललं नाही.

‘अहो,’ काकू म्हणाल्या, ‘आता उजवीकडे वळलात तरी चालेल.’

‘पूर्वेला?’

‘हो, पूर्वेला. सोफ्यावर होते तेव्हा डावीकडे वळलात की मी घसरत तुमच्याकडे यायचे. आता कुठून आलात तरी मी आहे तिथेच.’ मग मागे वळता येत नव्हतं म्हणून समोर बघतच मला म्हणाल्या, ‘लग्नानंतर सासूबाई मागे बसायच्या गं. त्यांच्यादेखत सरकून बसायची सोय नव्हती. यांनी रस्ता शोधून काढला.’

सरांचे कान मागून लाल दिसले. पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी उजवीकडे घेतली. मी त्यांना उजवीकडे वळताना पहिल्यांदाच पाहत होते. सरांचं घर चार मिनिटांत आलं. इंजिन बंद झालं तरी तिघंही बसून राहिलो; इतक्या लवकर पोहोचल्यावर काय करायचं असतं, ते त्या गाडीत कोणालाच माहीत नव्हतं.

रविवारी वर्कशॉप बंद असतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडलं. सरांचा नकाशा भिंतीला चिकटवला. दोन सीट चिकटल्यावर सांध्यावर शिवायला पट्टी लागणार होती. नवं रेक्झिन पडलं होतं, तरी जुन्या सोफ्याचं मधलंच कापलं. मग सरांना फोन केला.

‘सर, गाडी घेऊन या. नकाशा तुमचाच बरोबर होता. काकूंनाही आणा.’

सर म्हणाले, ‘यायला जरा वेळ लागेल हं.’

‘सावकाश या,’ मी म्हटलं, आणि दार सताड उघडं ठेवून चहा टाकला.