बरणीबाईंचा अंटार्क्टिका

बरणीबाई कुणालाही आधी नाव विचारत नसत. "राहता कुठं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग समोर नवा विद्यार्थी असो, नवे प्राचार्य असोत, नाहीतर माझा होणारा नवरा. "नाव काय, कुणीही काहीही ठेवतं. कोण कुठं तग धरतं ते बघावं," असं म्हणायच्या. त्या मूळच्या दिंडोरीच्या, घरची द्राक्षबाग. नाशिकच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पण त्यांचा सगळा जीव अंटार्क्टिकाच्या समुद्रतळाशी.

नव्वदच्या दशकात त्यांच्या एका वर्गमित्रानं अंटार्क्टिका मोहिमेच्या जहाजावरून आलेली एक लाकडी पेटी त्यांना पाठवली. आत स्पिरिटनं भरलेल्या बरण्या, आणि बरण्यांत शेवाळजीव, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे चिमुकले समुद्री प्राणी. पोरांनी त्याच आठवड्यात बाईंचं बारसं उरकलं. नाव कानावर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "लोणचंबाई नाही म्हणाले, एवढीच कृपा."

मी वनस्पतिशास्त्राची, समोरच्याच खोलीत. एखादा फांद्याफांद्यांचा तुकडा बशीत घालून त्या यायच्या आणि मला चिडवायच्या, "बघ. हे झाड नाही. ह्याला तोंडं आहेत. तुझं नाही, माझं आहे." भिंगाखाली धरलं की फांदीवर चुन्याच्या चिमुकल्या खोल्यांच्या रांगा दिसायच्या. खोलीगणिक एक जीव, आणि सगळे मिळून एक वसाहत. त्यातल्या काहींना नुसती चोच असते. ते राखण करतात, पण त्यांना खाता येत नाही, शेजारी त्यांना पोसतात. "आपल्या स्टाफरूममध्ये उलटं आहे," बाई म्हणायच्या. "इथं चोचवालेच खातात." हे त्या विभागप्रमुखांच्या देखत म्हणाल्या, आणि पुढं कित्येक वर्षं सकाळचे पहिले आणि दुपारचे शेवटचे तास त्यांच्याच वाट्याला आले.

तरी राहिलेल्या वेळात त्या भिंगावर वाकलेल्या असत. हिमनग समुद्राचा तळ खरवडत जातो, तिथं पहिल्यांदा कोण वस्तीला येतं, खोल घळीत, जिथं हिमनग पोचत नाही, तिथं कोण टिकून राहतं, हे त्या मला शेजारपाजारच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत. जात ओळखायची ती त्या चुन्याच्या खोल्यांवरून. दाराचा आकार, भिंतीतली छिद्रं, चोच कुठं बसवलीय ते. एका बरणीतला नखाएवढा तुकडा कुठल्याच पुस्तकात बसेना. बाईंनी त्याची चित्रं काढली, वर्णन लिहिलं, आणि परदेशातल्या एका जाणकाराला पाठवलं. ती जात नवी ठरली असती तर बाईंनी तिला दिंडोरीचं नाव द्यायचं ठरवलं होतं.

उत्तराची वाट पाहत असतानाच कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. बाई भाच्याच्या लग्नाला गावी गेलेल्या. परत आल्या तर काय, त्यांच्या बरण्या प्रवेशद्वाराशी नव्या काचेच्या कपाटात, झाकणं मेणानं बंद, आतलं पिवळट पाणी जाऊन स्वच्छ नितळ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम कुणी पुढं मांडलं होतं, आणि तेही विभागप्रमुखांनी. बाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागप्रमुखांना घरच्या द्राक्षांची पेटी नेऊन दिली.

काही महिन्यांनी जाणकाराचं पत्र आलं. जात नवीच दिसते, मूळ तुकडा पाठवा. किल्ली मागवून बाईंनी बरणी उघडली आणि वासानंच त्यांचा चेहरा उतरला. स्पिरिट ओतून देऊन कुणीतरी साधं फॉर्मॅलिन भरलं होतं. ते हळूहळू आंबट होतं, आणि आंबटात चुना विरघळतो. चिमट्यात धरलेला तुकडा भिजल्या पापडासारखा लोंबला. खोल्या नव्हत्याच. मूळ तुकड्याशिवाय नवी जात कुणी मानत नाही, आणि जगात तो एकच होता.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, बरणी तर भरलेली दिसतेय. समितीनं किती कौतुक केलं."

बाई तिथून निघाल्या. माझ्या खोलीत आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, "मी त्यांना द्राक्षं दिली गं."

त्यानंतर बशी घेऊन त्या कधी आल्या नाहीत. निवृत्त होऊन दिंडोरीला गेल्या, दोनच वर्षांत वारल्या. शोकसभेत तेच विभागप्रमुख, एव्हाना प्राचार्य झालेले, म्हणाले की बाईंचा ठेवा महाविद्यालयानं जिवापाड जपला आहे. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला, आजही येतो. सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले तेव्हा मी उठून बाहेर आले आणि कपाटापुढं उभी राहिले. बाई गेल्यावर बरण्यांना नवी छापील लेबलं लावली होती. कुठल्या समुद्रातलं, किती खोलावरचं, काही नाही. प्रत्येकीवर एकच: समुद्री वनस्पती.