अर्थिंगचा एकच पॉइंट

आमच्या घरात नियम करायचं काम ह्यांचं आणि चिडायचं काम माझं. चाळीस वर्षं असंच चाललं. हे विक्रोळीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यामुळे आमच्याकडे देवापेक्षा विजेचं सोवळं कडक. ओल्या हाताने बटण नाही. एका बोर्डावर दोन जड मशीनं नाहीत. आणि ह्यांच्या लाडक्या स्टिरिओ रिसीव्हरवर काहीही ठेवायचं नाही. मी हौसेने क्रोशाचं कव्हर विणलं होतं हो त्याच्यासाठी. टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, मग ह्यालाच का नको? ह्यांनी ते उचललं आणि माझ्या हातात दिलं. "गरम होता गो तो. त्याका श्वास घेवक जागा व्हयी." आठ दिवस मी बोलले नव्हते.

मग आमची बिल्डिंग पाडायला दिली आणि आम्ही मुलुंडला भाड्याच्या घरात आलो. रिसीव्हर, कॅसेट डेक, दोन स्पीकर, सगळं खोक्यात राहिलं. ते काढायच्या आधीच ह्यांच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. दोन शब्द बोलले की थांबायचं, मग पुढचे दोन. घरात भाड्याने ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी, दिवसभर ती घरघर. मशीन आणून देणाऱ्याने बजावलं होतं, पिन सरळ भिंतीत लावा, एक्स्टेन्शन नको. सोबत एक लोखंडी सिलिंडरही ठेवून गेला. "लाइट गेली तर हा लावा, काकी. चार तास आरामात निघतील." आता मुलुंडला लाइट जाते कुठे? पण सिलिंडर कोपऱ्यात उभा राहिला.

एका मंगळवारी दुपारी हे म्हणाले, रिसीव्हर काढ.

"आत्ता? कशाला?"

गावच्या डबलबारीची, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याची, कॅसेट होती. तरुणपणी हे आमच्या भजनी मंडळाचे बुवा, गजर म्हणताना असा सूर लांबवायचे की पखवाजवाला हसत हात थांबवून बसायचा. मुलगी बोरिवलीहून फोनवर म्हणते, आई, मोबाइलवर सगळी भजनं मिळतात. मिळतात गं, पण त्यात तुझा बाप नाही ना.

"माझो दम कसो होतो," हे म्हणाले, थांबले, "ता एकदा ऐकूचा हा माका."

मग मी हात झाले आणि हे डोकं. रिसीव्हर भिंतीपासून वीतभर पुढे, वर मोकळं. स्पीकरच्या वायरीची टोकं सोलून पीळ दे, एकही तार सुटी राहता कामा नये, शेजारच्या तारेला लागली तर आतलं सगळं जळेल. लाल लालमध्ये, काळी काळीत. आवाज शून्यावर. कॅसेट डेकची पिन रिसीव्हरच्याच पाठीमागच्या सॉकेटात, आणि रिसीव्हरची पिन सगळ्यात शेवटी. मी मधेमधे वैतागत होते, चष्मा सापडत नव्हता, तरी खोटं कशाला बोलू, ती दुपार मला आवडली. कितीतरी महिन्यांनी हे मला ओरडत होते.

पिन लावायची वेळ आली तेव्हा ह्यांनी टेस्टिंगचा दिवा मागितला. रिसीव्हर लोखंडी खोक्याचा, तीन पिनांचा, अर्थिंग नसलेल्या सॉकेटला हे तो लावूच देणार नाहीत. खुर्ची ओढत, नळी सांभाळत एकेक सॉकेट तपासलं. अर्थिंग असलं तरच तो दिवा लागतो, आणि तो लागेना. शेवटी लागला तो दोनच ठिकाणी. एक स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे, आणि तिथून वायर ओढायची तर मोरीच्या पाण्यातून. दुसरं होतं हॉलमध्येच. त्याच्यात ह्यांचं मशीन.

"सिलिंडर लाव," हे म्हणाले. "अर्धो तास. मशीनची पिन काढ, ही लाव."

"तो अडीअडचणीला आहे."

"ही अडचण... काय येगळी?"

"भजन ऐकायला सिलिंडर संपवायचा? आणि रात्री लाइट गेली तर? शनिवारी इलेक्ट्रिशियन येतोय, नवीन पॉइंट काढून देईल. चार दिवस कळ काढवत नाही का?"

माझा स्वभावच तो. चांगली चादर पाहुण्यांसाठी, नवा कुकर वरच्या फळीवर, लग्नातले चांदीचे पेले अजून कापडात. असू दे, लागेल कधीतरी. ह्यांना वाद घालता आला असता. पण भांडायलाही दम लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता, आणि ते मला माहीत होतं. तरीही मी आवाज चढवला.

"बरां," हे म्हणाले. "ऱ्हवांदे." रिसीव्हरच्या वायरीचं वेटोळं करून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

बुधवारी, गुरुवारी त्यांनी विषय काढला नाही. शुक्रवारी सकाळी चहा हातात घेतला आणि तो पिता येईना. ॲम्ब्युलन्स लगेच आली. ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे त्यांचा ऑक्सिजन होता, आमचा सिलिंडर कोपऱ्यातच राहिला. दुपारी सगळं संपलं. शनिवारी इलेक्ट्रिशियन ठरल्याप्रमाणे आला. दारातल्या चपला बघितल्या आणि हत्यारांची पिशवी घेऊन आल्या पावली परत गेला. कुणाला तरी त्याला फोन करायचं सुचायला हवं होतं.

तेराव्यानंतर मशीन न्यायला माणूस आला. सिलिंडरचा काटा बघून म्हणाला, "फुल आहे, काकी. एकदाही नाही लागला? नशीब तुमचं."

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार त्याला? अर्धा तास मागितला होता माणसाने. चार तासांचा श्वास कोपऱ्यात उभा होता आणि मी तो राखून ठेवला. कुणासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. लोक म्हणतात, तुम्ही खूप केलंत त्यांचं. केलं. पण हे नाही केलं.

तो गेल्यावर हॉलमधला पॉइंट रिकामा दिसला. मी हात कोरडे पुसले. वायरी बघितल्या, लाल लालमध्ये, काळी काळीत. आवाज शून्यावर. पिन शेवटी. कॅसेट लावली आणि बटण हळूहळू फिरवलं. आधी खरखर, कुणाचा तरी खोकला, टाळ. मग हे.

गजर चढत गेला आणि ह्यांनी तो सूर धरला. मीही उभ्या उभ्या श्वास धरला, ह्यांच्याबरोबर. माझा सुटला. ह्यांचा चालूच होता.