टीव्हीच्या कापडावरचे दोन हात

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला आणि त्यातला बराचसा पचलाही. एक मात्र पचला नाही. साखर कारखान्याच्या यार्डात, भर दुपारी, उसाने भरलेल्या ट्रकच्या पायरीवर चढून मी एका सभ्य माणसाला विचारलं, "कुठं हाय ती बाई?" त्या माणसाच्या मुलीला सून करून घ्यायचं आमचं चाललं होतं. आजूबाजूच्या गाड्यांवरचे सगळे ड्रायव्हर साक्षीला होते.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. आम्ही इंदापुरात राहायचो. आमचे हे तहसील कचेरीत कारकून, मुलगा लोणी देवकरला एका कारखान्यात नुकताच चिकटलेला. त्याच्यासाठी मुली बघणं हा माझा तेव्हाचा मुख्य उद्योग. त्या वेळची मी तुम्ही बघायला हवी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेत पर्स, आणि नजर अशी की खरं बोलणाऱ्यालाही आपलं काहीतरी चुकतंय असं वाटावं. दूधवाला मला माप घालताना देवाची शपथ घ्यायचा. हे म्हणायचे, "तुला सीआयडीत घ्यायला पाहिजे होतं. चोर एकही सापडला नसता, पण साव सगळे आत गेले असते."

अशात कळसचं स्थळ आलं. मुलीचे वडील ट्रकवाले. गाडी स्वतःची, हंगामात ऊस वाहायचे, एरवी सोलापूर रस्त्याला मिळेल ते भाडं. मुलगी बारामतीला शिकलेली. आम्ही बघायला गेलो. ती येऊन बसली, शिक्षण विचारून झालं, आमच्या चिरंजिवांनी एकदाच मान वर केली आणि त्यांचे कान लाल झाले. माझी पहिली शंका तिथंच उगवली. इतक्या लवकर कशी काय आवडली?

मग रिवाजाप्रमाणे मुलीच्या हातच्या वस्तू पुढे आल्या. तेव्हा बघण्याच्या वेळी मुलीचं भरतकाम, विणकाम मांडून ठेवायचे. पुढे लग्नात तेच रुखवतात. बहुतेक घरांत तेच ते. मॅटीच्या जाळीदार कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेले दोन पोपट, नाहीतर राजहंस, नाहीतर इंग्रजीत वेलकम. मी इतके पोपट बघितले होते की एका घरचा पोपट दुसऱ्या घरी उसना आलेला मी लांबून ओळखायची. "ह्याची चोच निमगावात बघितलीय मी," असं एकदा तोंडावर बोललेही होते.

या घरात पोपट नव्हता. टीव्हीवर टाकायचं एक कापड होतं. पांढरी मॅटी, आणि कडेने निळी-हिरवी पट्टी. ती पट्टी स्वतःलाच एकदा खालून, एकदा वरून ओलांडत, वळत, गुंतत चाललेली. मी तिच्यावर बोट ठेवून निघाले. चारी कोपरे फिरून बोट निघालं होतं तिथंच परत आलं. ठिपक्यांच्या रांगोळीत अशी साखळी असते, पण ही रांगोळी नव्हती.

"हे काय गं?"

"सेल्टिक म्हणत्यात त्याला, मावशी. तिकडं आयर्लंडकडची लई जुनी नक्षी हाय, दगडावर कोरल्याली असती म्हणं. बारामतीत रद्दीच्या दुकानात परदेशी मासिक घावलं मला. त्यात आलेख व्हता, चौकटी मोजून फुल्या घालायच्या."

"गाठीच गाठी दिसतात," मी म्हणाले. मनात म्हटलं, आपला पोपट सोडून कुणी आयर्लंडला कशाला जाईल? यात काहीतरी आहे.

मी कापड उचलून खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं आणि मला ते दिसलं. अर्धी पट्टी चमकत होती, अर्धी मंद. कापड फिरवलं तर चमकणारी मंद झाली आणि मंद होती ती चमकायला लागली. डोळे बारीक करून बघितलं. फुली म्हणजे एकमेकांवर आडवे दोन टाके. इकडच्या फुल्यांचा वरचा टाका उजवीकडे कललेला होता, तिकडच्या सगळ्या फुल्यांचा डावीकडे. माणसाच्या हाताला एक वळण असतं, ते असं मधेच बदलत नाही. म्हणजे हात दोन होते.

"एकटीनं केलंस का गं?" मी गोड आवाजात विचारलं. माझा हा आवाज ऐकला की आमचे हे चपला कुठं काढल्यात ते बघायला लागायचे.

मुलीने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं होतं.

"व्हय. माझंच हाय," ती म्हणाली.

"सगळं?"

"समदं."

मी मान डोलवली. कापडाच्या उलट्या बाजूला धाग्याचं एक टोक लोंबत होतं, ते हळूच तोडून पर्समध्ये टाकलं. चोरीच ती, पण माझ्या लेखी पुरावा.

एसटीची वाट बघताना मी निकाल दिला, "मुलगी खोटं बोलली."

"कापडाबद्दल," हे म्हणाले.

"आज कापडाबद्दल. उद्या कशाबद्दल बोलेल?"

मुलगा म्हणाला, "आई, मला ती पसंत आहे. तू नाही म्हणालीस तर इथून पुढं मी कुठं यायचा नाही. तू एकटीच जात जा पोपट बघायला."

त्याचा आवाज ऐकून मी समजले की हा थट्टेत बोलत नाही. चार दिवस थांब, एवढंच त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि तपासाला लागले.

रेशमाच्या लड्यांचं चांगलं दुकान तेव्हा बारामतीला. साडीला फॉल घ्यायचाय असं सांगून मी गेले आणि गल्ल्यावरच्या बाईंपुढे तो निळा धागा ठेवला. "ह्या रंगाची लडी आहे का?"

"ही शेड व्हय? ही कळसचे ट्रकवाले आबा नेत्यात. उन्हात धरून धरून बघत्यात. मागं एकदा लड्या परत आणून टाकल्या, म्हणले जरा काळपट हाय."

"मुलीसाठी नेत असतील."

"पोरगी कवा आल्याली बघितली न्हाय बाई मी. त्येच येत्यात. परवा तर म्हणले, तिकडं काम अडलंय, लवकर द्या."

तिकडं! कुठं तिकडं? ट्रकवाला माणूस, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. रेशीम स्वतः निवडतो. घरात कॅलेंडरामागे तोंड लपवतो. उजवीकडे कललेला टाका मुलीचा धरला, तर डावीकडचा कुणाचा? परतीच्या एसटीत मला उत्तर सापडलं. त्या माणसाने हायवेला एक बाई ठेवली होती आणि ती भरतकामात हुशार होती! सणसरला मी तिला जांभळी साडी नेसवली, अंथुर्ण्याला पान खायला लावलं, आणि निमगाव केतकी येईपर्यंत तिला एक मूलही झालं होतं.

घरी आल्यावर सगळं ह्यांना सांगितलं. ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं, जो माणूस लडी काळपट आहे म्हणून परत करतो, त्याला बाई ठेवायला वेळ कुठला?"

पण मला आता मुद्देमाल हवा होता. आबा त्या दिवसांत ऊस घेऊन कोणत्या कारखान्याला जातात हे विचारून ठेवलं होतं. बहिणीकडे जाते असं घरात सांगितलं आणि वाटेत कारखान्याच्या फाट्याला उतरले.

हंगामात यार्ड म्हणजे गाड्यांचं गाव. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या, सगळे नंबर लावून उभे. ऊस खाली व्हायला कधी रात्र जायची, कधी दुसरा दिवस उजाडायचा. ड्रायव्हर गाडीखाली सावलीला झोपायचे, नाहीतर पत्ते कुटायचे. मळीचा वास, पायात पाचट, डोळ्यांत धूळ. त्यात मी इस्त्रीच्या साडीत, पर्स छातीशी धरून. एकाला विचारलं, "कळसच्या आबांची गाडी कंची?"

"ती काय. टावेल लावल्याली."

केबिनच्या दोन्ही खिडक्यांना आतून टॉवेल लावले होते. उन्हं अशी की केबिनमध्ये माणूस भाजून निघावा, आणि या माणसाला आडोसा हवा! माझी खात्रीच पटली. तरातरा गेले, पायरीवर चढले, दार ओढलं आणि तो प्रश्न विचारला.

आत बाई नव्हती. आबा एकटेच होते. भरतकामाची लाकडी रिंग स्टिअरिंगला टेकवलेली, नाकावर चष्मा, मांडीवर निळी लडी आणि सुई डाव्या हातात. माणूस डावखुरा होता.

"कंची बाई?" ते म्हणाले.

इथं मी गप्प उतरले असते तर ही गोष्ट माझ्या आणि त्यांच्यात राहिली असती. पण छडा लागल्याचा आनंद मला आवरला नाही. "अगं बाई! म्हंजे तुमीच व्हय! टाकं तुमीच घालताय!" माझा आवाज मुळातच दणकट, आणि मी उभी होते उंचावर.

शेजारच्या गाडीखालचे पत्ते थांबले. एक डोकं बाहेर आलं, मागोमाग दुसरं.

"काय म्हंती ती बाई? आबा टाकं घालत्यात?"

"आरं, टावेल त्येच्यासाठी व्हय! आमाला वाटलं झोपत्यात."

"आबा, रुखवत कुणाचं? का दुसऱ्यांदा बोहल्यावर हुबं राहताय?"

"माझा रुमाल तेवढा भरून द्या की, गुलाब काढा!"

हशा एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर गेला, पार वजनकाट्यापर्यंत. आबांचा चेहरा तांबडालाल झाला. पण रिंग त्यांनी लपवली नाही. हातातली फुली पुरी केली, धागा दाताने तोडला आणि म्हणाले, "उतरा बाई. फुडची गाडी सरकली." मी उतरत होते तर वरून पुन्हा आवाज आला, "आन् माझं काम पोरीच्या कामात मिसळू नका. तिच्या मागल्या अंगाला गाठी असत्यात. माझ्या नसत्यात."

मी घरी आले ती विजयी होऊन. बाई नाही, लफडं नाही, मुलगी खोटं बोलली ती बापाला झाकायला. मी मोठ्या मनाने जाहीर केलं, "मुलगी पसंत आहे."

"तुझी पसंती झाली," हे म्हणाले. "आता तिकडून काय येतंय ते बघ."

तिकडून चार दिवसांनी निरोप आला, आमचा विचार नाही. निरोप आणणाऱ्यानेच बाकीचं सांगितलं. आबांनी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली होती. यार्डात शिरले की एकजण तरी "ताई, चहा घेणार का?" म्हणून हाक मारायचा. भरतकामाचं सगळं सामान गाठोडं बांधून माळ्यावर गेलं होतं. आबा घरी बसून होते आणि कुणाशी बोलत नव्हते. ते ऐकून आमच्या मुलानेही माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं की जेवायचा आणि उठायचा.

पुढच्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. दारात ती मुलगी, एकटी, एसटीने आलेली. लग्न ठरायच्या आधी मुलीने असं येणं म्हणजे तेव्हा मोठंच धाडस. माझी जुनी खोड उफाळली. ही कशाला आली असेल? रडायला? माफी मागायला? मुलाला भेटायला? मी चहा टाकला, तिच्यापुढे कप ठेवला. तिने कपाला हात लावला नाही.

"तू खोटं का बोललीस?" मी विचारलं. बघा, अजून माझाच तोरा!

"मग काय सांगायचं व्हतं? बघायला आल्याल्या पावण्यांपुढं, माझा बाप सुई घिऊन बसतो म्हणून? आदी कोण हसलं असतं, मावशी?"

आधी मीच हसले असते. इंदापुरापर्यंत हसत आले असते आणि वर चार घरी सांगितलं असतं.

"आबा मागं एकदा यार्डात पत्ते खेळून गाडीची स्टेपनी हरून आले," ती म्हणाली. "आई बोलायची बंद झाली त्यांच्याशी. तवा मी त्यांच्या हातात आलेख दिला. म्हणलं, बसल्या जागी चौकटी मोजा. पयल्या दिशी मला शिव्या दिल्या. आठवड्यानं म्हणले, निळा संपला. ती पट्टी आमी दोघांनी मिळून केलीय, दोन टोकांनी सुरू करून. कुठं जुळली ते तुमाला घावलं न्हाय, फकस्त चमक घावली."

खरंच, ती जोडाची जागा मी शोधलीच नव्हती.

मी म्हटलं, "झालं ते झालं. मी येते कळसला, आबांची माफी मागते. घरात, चार भिंतींत."

"चार भिंतींत?" ती उठून उभी राहिली. त्या क्षणी माझ्या मनाने तिला सून मानलं. मला सासू मानायला तिने मात्र बराच वेळ घेतला, आणि तो तिने घ्यायलाच हवा होता. पर्स काखेत मारून ती दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली,

"ओरडलात यार्डात, मावशी, तर माफीबी यार्डातच. सोमवारी मी आबांना गाडीवर बसवून धाडती. तुमी यायचं, त्याच पायरीवर बसायचं आन् समद्या ड्रायव्हरांदेखत आबांच्या हाताखाली फुलीचा टाका शिकायचा. हसत्याल ते. पोटभर हसू द्या तुमाला. मग लग्नाचं बोलू."