मटिल्डा मावशींचं व्हिटॅमिन

सांडोरच्या मटिल्डा मावशी वसईच्या बाजारात केळी विकायच्या, तेव्हा गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. गिऱ्हाईकानं पाकीट उघडलं की कान लगेच बरे.

पंच्याहत्तरीत त्यांच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. तो यकृतापर्यंत पसरलेला होता. मुलगा ॲल्रॉय एकटाच रिपोर्ट घेऊन माणिकपूरला डॉ. विनयाकडे आला.

“आईला कळू देऊ नका, हाय खाईल ती. केमो द्या, पण व्हिटॅमिनचं सलाईन म्हणून.”

“आणि केस गळाले तर? व्हिटॅमिननं गळाले म्हणून सांगू?”

ॲल्रॉयचे डोळे भरून आले. विनया नरमली. “मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही, आणि त्यांच्या होकाराशिवाय सुईही टोचणार नाही.”

मग ॲल्रॉय आईला घेऊन आला, पण त्यानं तिला काही विचारायची संधीच मिळू दिली नाही. तपासताना विनयानं “दुखतं का?” म्हटलं, की “थोडंसं” असं उत्तर तोच द्यायचा.

“कुठे दुखतं तेही यालाच विचार,” मावशी म्हणाल्या. मग दचकल्यासारखं करून, “अरे, माझा चष्मा रिक्षात राहिला!”

ॲल्रॉय धावला. मावशींनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. “चल, सांग लवकर. यंदा केळीचे नवे मुनवे लावू का?”

मुनवा लावल्यावर घड हाती यायला वर्ष जातं, हे विनयाला ठाऊक होतं.

“मावशी, मेथी लावा.”

मावशींचा हात पदरावरून फिरत राहिला. मग त्या म्हणाल्या, “निदान मुळा तरी लावू दे की गं. एवढी घाई?”

विनयाला हसू आणि रडू एकदमच आलं. औषधानं काही महिने वाढतील, पण उलट्या होतील, अंगातलं त्राण जाईल. नाही घेतलं तर घरीच दुखणं आटोक्यात ठेवता येईल, असं तिनं सगळं सांगितलं.

“नको मला ते सलाईन. पण मला कळलंय हे ॲल्रॉयला सांगू नको. आत्ता कुठे माझ्याशेजारी बसून जेवायला लागलाय.”

विनया दोन्हीकडून अडकली. आणि मावशी मोकाट सुटल्या. ॲल्रॉयनं त्यांना कळंबच्या समुद्रावर नेलं. एका दुपारी त्याचा फोन आला, “डॉक्टर, आईला तुम्ही वाईन सांगितलीत? त्यात व्हिटॅमिन असतं म्हणते!”

“मी सांगितलेली नाही. पण घोटभर चालेल. आणि उद्या दोघंही या.”

दुसऱ्या दिवशी विनया दोघांना समोर बसवून म्हणाली, “तुम्हाला एकमेकांना काही सांगायचंय. मी बाहेर थांबते.” तिनं दार ओढून घेतलं.

आतून आधी ॲल्रॉयचे हुंदके. मग मावशींचा आवाज, “अरे, मरणार मी आणि रडतोस तू? नाक पूस आधी!”

दार उघडलं तेव्हा त्यानं आईचा हात धरला होता. “सलाईन नको,” तो म्हणाला. “दुखू नये एवढं बघा.”

ईस्टरनंतर मावशी आपल्या घरी, मुलांच्या समोर गेल्या. मातीनंतर त्यांची मुलगी प्रिन्सी विनयाला बाजूला घेऊन म्हणाली, “आई रोज माझ्याकडून तासभर पाय चेपून घ्यायची. डॉक्टरांचा हुकूम आहे म्हणायची. खरं का हो?”

“नाही,” विनया म्हणाली.

प्रिन्सीनं तोंडावर रुमाल धरला. ती रडतेय असं वाटून बायका जवळ सरकल्या.