वडिलांच्या जागी माणूस हवा

आधीच माफी मागते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि तेवढ्या भांडवलावर कुणाबद्दल लिहायला बसणं शोभत नाही, हे मला कळतं. त्यात ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते माझे वडील. वाचायला मिळालं तर शुद्धलेखन सोडून बाकी सगळ्यात चूक काढतील.

बाबा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतात. यंदा डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कुणी आलं नाही तर वेल्डिंगच्या शेडला कुलूप लागेल आणि शिकणारी पोरं अर्धवट राहतील, असं त्यांना वरून कळवण्यात आलं. अत्यंत प्रेमानं, चहा पाजून.

मग अर्ज करणं आलं. अर्ज लिहिणं माझ्याकडे, कारण मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्याच अर्जात मी 'ज्ञानगंगा' हा शब्द दोनदा घातला. बाबांनी तो दूर धरून वाचला.

"पोरी, मानूस मागून राह्यलो का आपन, का सप्ता बसवून राह्यलो?"

मी गंगा काढली. अर्ज गेला. महिन्याभरानं कार्यालयानं तत्परतेनं कळवलं की अर्ज तीन प्रतींत हवा. तीन प्रती गेल्या. मग कळलं, त्या दुसऱ्या टेबलावर द्यायच्या होत्या.

तोवर दिवाळी होऊन थंडी पडली. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या दवानं वेल्डिंगचे रॉड दमट होतात आणि जोड नीट बसत नाही. रॉड गरम करायची शेडमधली भट्टी बंद होती. तिच्या दुरुस्तीचाही अर्ज गेलेला होता, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. बाबा रॉडचे पुडे मफलरात गुंडाळून घरी आणायचे आणि रविवारी गच्चीवर, आईच्या मुंगवड्यांशेजारी, उन्हात मांडायचे. स्वतःचे कान उघडे.

आई म्हणायची, "रॉडले सर्दी नाही झाली पायजे. तुमाले झाली त चालते."

खरं तर ते कान जपायला हवे होते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा ठिणगीकडे पाठ करून शिकवतात. भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज आला की जोड चांगला. आवाज तुटला की मागं न बघता, "हात काहून थांबला बे?" ही विद्या ते घरीही आणतात. एकदा आई खरोखरच भजी तळत होती, तर बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "करंट जास्त झाला." त्यानंतर आमच्याकडे भजी झालेली नाहीत.

तिसऱ्या अर्जावर सही घ्यायला मी शेडमध्ये गेले, तेव्हा एका पोरानं तोंडावरची काच वर करून विचारलं, "सर, तुमी गेल्यावर आमचं कोन आयकन?"

एरवी बाबांकडे अशा प्रश्नाला तीन टोमणे तयार असतात. त्या दिवशी त्यांनी फक्त पोराकडे तोंड केलं, मग परत भिंतीकडे, आणि म्हणाले, "चालू कर." माझ्या अर्जावर त्यांनी दोन ठिकाणी सही केली. एका ठिकाणी नको होती.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयातल्या बाबूंचा फोन आला. बाबा गच्चीवर होते. हात रॉडच्या भुकटीनं भरलेले, म्हणून फोन मी धरला आणि आवाज मोठा केला.

"सर, अभिनंदन! मानूस भेटला तुमच्या जागी."

बाबा उठून उभे राहिले. "काम येते का त्याले?"

"लय अनुभवी हाय. वय जरा झालं."

"वयाचं काय! येते कव्हा?"

"एक जानेवारीपासून."

"खोली पाहू का त्याच्यासाठी? आमच्या गल्लीत एक खाली हाय. जेवनाचंबी होऊन जाईन."

"गरज नाही, सर. घर हाय त्याचं तिथंच." बाबूंनी कागद चाळल्याचा आवाज आला. "तासिकेवर तुमचीच ऑर्डर निघाली."